विधान परिषदेचं मत : अर्जापासून मोजणीपर्यंत

सोलापूर जिल्हा विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन्ही मतदारसंघांत येतो. डिसेंबर २०२० मध्ये पदवीधरमधून अरुण लाड आणि शिक्षकमधून जयंत आसगावकर निवडून आले. त्यांची मुदत ६ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. त्यामुळे या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

विधानसभेच्या यादीत माझं नाव आहे. २०२० ला पदवीधरसाठी मतदानही केलं होतं. तरी पुन्हा अर्ज करायला सांगतात. का?
— वाचक, अशोक चौक

कारण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. जुनी यादी पुढे चालवत नाहीत. २०२० ला तुमचं नाव होतं, याचा या वेळी काही उपयोग नाही. विधानसभेच्या यादीतलं नावही इथे आपोआप येत नाही. सगळ्यात जास्त मतं इथेच जातात. ऑनलाइन शोधलं, विधानसभेच्या यादीत नाव दिसलं, माणूस निर्धास्त झाला आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत आला, असं होतं.

नोंदणीचं वेळापत्रक नियमातच ठरलेलं आहे. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या तारखेला मोजतात ती तारीख, १ नोव्हेंबर. नोंदणी अधिकारी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर सूचना काढतात. ती १५ आणि २५ ऑक्टोबरच्या सुमारास वर्तमानपत्रांत पुन्हा छापून येते. अर्ज ७ नोव्हेंबरच्या आत, म्हणजे ६ तारखेपर्यंत पोचायला हवा. दिवाळी बहुतेक याच काळात येते, हे लक्षात ठेवा. साधारण नोव्हेंबरअखेर प्रारूप (कच्ची) यादी लागते, मग दावे-हरकती होतात आणि डिसेंबरअखेरीच्या सुमारास अंतिम यादी येते. येत्या निवडणुकीसाठीचा अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२५ आहे.

ही मुदत हुकली तरी दार लगेच बंद होत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव घालता येतं, त्यानंतर मात्र कोणीही घालू शकत नाही. पडताळणी आणि हरकतीत दिवस जातात. शेवटच्या दोन दिवसांत दिलेला अर्ज बहुधा वाया जातो, म्हणून निदान दोन आठवडे हाताशी ठेवा.

पदवीधरसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. नोंदणी अधिकारी पुण्याचे विभागीय आयुक्त असले तरी त्यासाठी पुण्याला जायचं नाही. तुमचा अर्ज तहसील कार्यालयात घेतात आणि ऑनलाइनही भरता येतो. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या. प्रारूप यादीत नाव नसेल तर ती पावती हातात असलेल्याचं म्हणणं लवकर ऐकलं जातं.

आणखी एक. कोणी कार्यकर्ता घरी येऊन "फॉर्म द्या, गठ्ठ्याने जमा करतो" म्हणाला तर देऊ नका. एकगठ्ठा अर्ज स्वीकारत नाहीत. त्याला सवलत दोनच: संस्थाप्रमुखाने आपल्या संस्थेतल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवावेत, किंवा घरातल्या एकाने त्याच पत्त्यावरच्या बाकीच्यांचे द्यावेत. घरच्यांचे अर्ज नेताना प्रत्येकाची मूळ प्रमाणपत्रं सोबत ठेवा.

माझी पदवी २००१ ची, लग्नाआधीच्या नावाची. आधारवर सासरचं नाव आहे आणि आडनावाचं स्पेलिंगही वेगळं. पदवी प्रमाणपत्र कधी आणलंच नाही. अर्ज मान्य होईल का?
— वाचक, जुळे सोलापूर

होईल, पण कागद आधी जुळवून घ्या. नावातला फरक हे अर्ज अडकण्याचं आपल्याकडचं मोठं कारण आहे. तेलुगू आणि कन्नड आडनावं इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. पदवीवर एक स्पेलिंग, मतदार ओळखपत्रावर दुसरं. तपासणाऱ्या माणसाला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा नावबदलाच्या राजपत्राची साक्षांकित प्रत जोडा. अर्जात नाव मतदार ओळखपत्राप्रमाणे लिहा.

पदवी प्रमाणपत्र नसेल तर अंतिम वर्षाची उत्तीर्ण गुणपत्रिका चालते. प्रमाणपत्रच काढायचं असेल तर कुठे जायचं ते सालावर ठरतं. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं १ ऑगस्ट २००४ ला. त्याआधी इथली महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे तुमचं २००१ चं प्रमाणपत्र कोल्हापूरला मिळेल, केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठात, नाही. आधी आपल्या कॉलेजच्या कार्यालयात विचारा. न नेलेली प्रमाणपत्रं पुष्कळदा तिथेच पडून असतात.

प्रतीवर साक्षांकन करून घेताना शिक्का, सही, पदनाम आणि तारीख चारही वाचता येतात ना ते तिथेच बघा. पदवी लॅमिनेट केलेली असली तर झेरॉक्सवर चमक येऊन मधल्या ओळी पुसट होतात. नेमकी निकालाची तारीख किंवा साल वाचता आलं नाही की प्रत परत येते.

निकालाची तारीख एवढी महत्त्वाची का, तर अर्हता दिनांकापूर्वी पदवीला तीन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि ती वर्षं निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. १ नोव्हेंबर २०२५ साठी जून २०२२ चा निकाल चालतो, डिसेंबर २०२२ चा चालत नाही.

मुलगा बार्शीचा, पण नोकरीला पुण्यात हिंजवडीला. त्याने नोंदणी कुठे करावी? आणि माझी बहीण तुळजापूरला असते, पदवी सोलापूरची. तिला आपल्याकडे मत आहे का?
— वाचक, बार्शी

इथे विद्यापीठ बघत नाहीत, राहण्याचं ठिकाण बघतात. पदवी भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाची चालते. मुलगा पुण्यात कायम राहत असेल तर तिथला पत्ता द्यावा. मतदारसंघ एकच आहे (पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर), फक्त मतदान केंद्र बदलेल. बार्शीचा पत्ता दिला तर त्या दिवशी बार्शीला यावं लागेल. दोन्हीकडे अर्ज करू नये. एका मतदारसंघात एकदाच नाव राहू शकतं, आणि अर्जात खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

बहिणीला इथे मत नाही. तुळजापूर सोलापूरपासून तासाभरावर असलं तरी मराठवाड्यात आहे, त्यामुळे तिचा मतदारसंघ छत्रपती संभाजीनगर विभागाचा. तसंच सोलापुरात शिकून इंडी किंवा विजयपूरला राहणाऱ्यांनी कर्नाटकात नोंदणी करावी. कर्नाटकालाही विधान परिषद आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. शिक्षक मतदारसंघात माझं नाव का घेत नाहीत?
— वाचक, मंगळवेढा

संविधानाच्या कलम १७१ मध्ये "माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नाही" अशा संस्थेतल्या शिक्षकांनाच हे मत दिलं आहे. प्राथमिक शिक्षक त्यातून बाहेर राहतात. आम्हाला ही तरतूद अन्यायाची वाटते. गावागावात शाळा उभी ठेवणाऱ्या माणसालाच 'शिक्षक' म्हणून मत नाही. पण ती बदलायला संविधान दुरुस्ती लागेल, तहसीलदारांशी वाद घालून उपयोग नाही. तुम्ही पदवीधर असाल तर पदवीधरमध्ये नाव नोंदवा, तो हक्क पुरा आहे.

माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांसाठी: अर्हता दिनांकाच्या आधीच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं. ती सलग नसली तरी चालतात, शाळा बदलली तरी चालते, मात्र प्रत्येक संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र हवं. शिक्षक पदवीधरही असेल तर दोन्ही अर्ज भरावेत, दोन्ही मतदारसंघांत मत देता येतं.

मतं बाद होतात म्हणजे नेमकं काय चुकतं?
— वाचक, पंढरपूर

इथे ईव्हीएम नसतं, कागदी मतपत्रिका असते. त्यावर उमेदवाराचं नाव आणि फोटो असतो, पक्षाचं चिन्ह नसतं. नावासमोर पसंतीक्रमाचा रिकामा चौकोन असतो. त्यात आकडा लिहायचा. पहिली पसंती १, मग वाटल्यास २, ३ असं पुढे.

लिहायचं ते केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेनानेच. खिशातला बॉलपेन काढून लिहिलं की मत बाद. १ लिहिलाच नाही, बाद. दोघांसमोर १ लिहिला, बाद. एकाच उमेदवारासमोर १ आणि २ दोन्ही लिहिले, बाद. सही, आद्याक्षरं, अंगठा किंवा ओळख पटेल असं काहीही उमटलं, तरी बाद. मराठी अंक, इंग्रजी आकडे, रोमन अंक यांपैकी कोणतेही चालतात, पण "एक", "दोन" असं अक्षरात लिहू नका.

टिकमार्क किंवा फुलीही चालत नाही. शिक्षकांना हे मुद्दाम सांगतो. वर्षभर उत्तरपत्रिकांवर बरोबरची खूण करणारा हात इथेही तीच खूण करून मोकळा होतो. मतपत्रिका हातात आली की मनाशी म्हणा: आकडा, फक्त आकडा.

स्केच पेनाची शाई ओली असते. लगेच घडी घातली तर आकड्याचा ठसा दुसऱ्या नावासमोर उमटू शकतो आणि मोजणीच्या टेबलावर त्यावर वाद होतो. आकडा चौकोनाच्या मधोमध काढा आणि शाई वाळू द्या.

दुसरी पसंती देणं सक्तीचं नाही. दिली आणि चुकली, म्हणजे दोघांसमोर २ लिहिला किंवा १ नंतर एकदम ३ लिहिला, तर पहिली पसंती शाबूत राहते. मतपत्रिका फक्त पुढच्या फेरीत उपयोगाला येत नाही.

कोटा म्हणजे काय? पहिल्या फेरीत पुढे असलेला उमेदवार पडतो कसा?
— वाचक, अक्कलकोट

एकच जागा असते तेव्हा वैध मतांना दोनने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. तो कोटा, म्हणजे थेट निवडून यायला लागणारी मतं. बाद मतं यात धरत नाहीत. म्हणूनच बाद मतं वेगळी काढून होईपर्यंत कोटा ठरत नाही आणि मोजणी रात्रभर चालते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वैध मतं १०००, कोटा ५०१. पहिल्या पसंतीची मतं: अ ला ४२०, ब ला ३४०, क ला १५०, ड ला ९०. कोटा कोणालाच मिळाला नाही, म्हणून सर्वांत कमी मतांचा ड स्पर्धेतून बाहेर.

आता ड च्या ९० मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघतात. २० अ ला, ४० ब ला, १० क ला. उरलेल्या २० जणांनी दुसरी पसंती दिलीच नाही, त्या मतपत्रिका संपल्या. आता अ ४४०, ब ३८०, क १६०. पुन्हा कोटा नाही, आता क बाहेर. त्याच्या १६० पैकी ३० अ ला, १०० ब ला, ३० संपल्या. म्हणजे अ ४७०, ब ४८०.

५०१ अजून कोणीही गाठलेला नाही. तरी नियम तोच, कमी मतांचा बाहेर. अ बाहेर पडतो, ब एकटा उरतो आणि कोटा न गाठताच निवडून येतो. पहिल्या फेरीत अ ८० मतांनी पुढे होता.

आता त्या संपलेल्या ५० मतपत्रिकांकडे बघा. निकाल १० मतांनी लागला. त्या ५० जणांनी अ आणि ब पैकी बरा कोण एवढं सांगितलं असतं, तर निकाल उलटू शकला असता. "आमच्याच माणसाला १ द्या, पुढे काही लिहू नका" असं प्रचारात सांगतात. त्याच्या समर्थनार्थ एक समज पसरवला जातो की दुसरी पसंती दिल्याने पहिल्याचं मत कमी होतं. तसं होत नाही. तुमचा पहिला उमेदवार स्पर्धेत आहे तोवर तुमची दुसरी पसंती कोणी उघडूनही बघत नाही. तो बाहेर पडला तरच ती कामी येते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: जे उमेदवार तुम्हाला चालतील, त्या सगळ्यांना क्रम द्या. जो अजिबात नको, त्याचा चौकोन कोरा सोडा.

सोलापूर जिल्ह्याचा स्वतःचा एक विधान परिषद आमदार होता ना? ती जागा रिकामी का राहिली? मी ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यात मला मत आहे का?
— वाचक, मोहोळ

ती जागा सोलापूर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची. तिथे मतदार म्हणजे महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, आणि पंचायत समित्यांचे सभापती. ग्रामपंचायत सदस्यांना तिथे मत नाही.

या जागेवरचे आमदार प्रशांत परिचारक यांची मुदत १ जानेवारी २०२२ ला संपली. पुढची निवडणूक लागली नाही, कारण निवडणूक आयोगाच्या निकषाप्रमाणे मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत हव्यात आणि ७५ टक्के मतदार जागेवर हवेत. नगरपरिषदांच्या मुदती त्याच सुमारास संपल्या. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिका आणि जिल्हा परिषदेवरही प्रशासक आले. २०१७ मध्ये निवडून आलेले महापालिकेचे १०२ नगरसेवक, जिल्हा परिषदेचे ६८ सदस्य आणि ११ सभापती एकाच महिन्यात माजी झाले. मतदारच उरले नाहीत, तर मतदान कोण करणार? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले होते. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ६ मे २०२५ ला.

नुकसान दुहेरी झालं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारायला त्या काळात प्रभागात नगरसेवक नव्हता, आणि त्या नगरसेवकांच्या मतावर सभागृहात बसणारा जिल्ह्याचा आमदारही नव्हता. रिकाम्या खुर्चीची बातमी होत नाही, म्हणून तिची झळ आपल्याला उशिरा कळते.

पदवीधरमधून उभं राहायला पदवी लागते का?
— वाचक, सांगोला

नाही. पदवी मतदाराला लागते, उमेदवाराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. वय ३० पूर्ण, राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, त्या मतदारसंघाच्या यादीतले १० सूचक आणि १०,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००). खर्चाची मर्यादा मात्र या निवडणुकीला लागूच नाही. लोकसभा-विधानसभेला आहे, इथे नाही. साध्या माणसाला उभं राहणं अवघड जातं ते यामुळे.

एवढं करून हा आमदार आमच्या काय कामाचा? दिसतच नाही.
— वाचक, माढा

दिसत नाही, याला मतदारसंघाचा पसारा हे एक कारण आहे. सोलापूरचे ११, पुण्याचे २१, कोल्हापूरचे १० आणि सातारा-सांगलीचे प्रत्येकी ८, असे ५८ विधानसभा मतदारसंघ एका पदवीधर आमदाराच्या वाट्याला येतात.

अधिकारही मर्यादित आहेत. अर्थविषयक विधेयक परिषद फक्त १४ दिवस ठेवू शकते. साधं विधेयक आधी तीन महिने आणि मग एक महिना, यापलीकडे रोखता येत नाही. सरकार पाडणं, राष्ट्रपती किंवा राज्यसभा सदस्य निवडणं यात तिला मत नाही.

पण प्रश्न विचारण्याचा अधिकार पूर्ण आहे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा. अंशतः अनुदानित शाळांच्या अनुदानाचा पुढचा टप्पा, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्यांची जुनी पेन्शन, अडकलेला शालार्थ आयडी (शिक्षकांच्या ऑनलाइन पगारासाठी लागणारा क्रमांक), विद्यापीठाचे रखडलेले निकाल हे विषय तिथेच लावून धरता येतात. मात्र "आमचं काम होत नाही" एवढ्या पत्रावर प्रश्न तयार होत नाही. पत्रात शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), ज्या शासन निर्णयाचा आधार आहे त्याची तारीख, प्रस्ताव कोणत्या कार्यालयात कोणत्या आवक क्रमांकाने दाखल झाला आणि किती दिवस पडून आहे, एवढं एका पानात लिहा. सोबत प्रती जोडा. असं पत्र अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी द्या. प्रश्नांच्या सूचना सभागृहात उत्तर येण्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात.

मतदानाच्या दिवशी काय न्यावं?
— वाचक, होटगी रोड

मतदार ओळखपत्र. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मूळ पदवी प्रमाणपत्र. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या. मतदान केंद्र विधानसभेचं नेहमीचं असेलच असं नाही. केंद्रं कमी असतात आणि एका केंद्राला बरीच गावं जोडलेली असतात, म्हणून आदल्या दिवशीच पत्ता बघून ठेवा. शासकीय कर्मचाऱ्यांना त्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा जाहीर होते, ती तुमच्या हक्काच्या रजेतून वळती होत नाही.